रेघ ओढण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी मेंदूपेशी आहे. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या डोक्यात, अगदी खोल माझे घर आहे. तो जन्मण्याआधीच मी घडले आणि अजून माझी बदली झालेली नाही. डोपामाइन नावाचे रसायन तयार करायचे आणि पुढच्या पेशीकडे पोचवायचे, हे माझे काम. त्यानेच हात हलतो, मनाला हुरूप येतो. इतक्याशा गोष्टीवर एवढा मोठा माणूस चालतो, याचे मला आजही नवल वाटते.

गंमत म्हणजे, वयाने पेंटरचे केस पांढरे झाले आणि मी मात्र काळी पडत गेले. काम करता करता माझ्यात काळा रंग साठत जातो.

तरुणपणी पेंटर आधी अक्षरे लिहायचा आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून एका दमात शिरोरेषा ओढायचा. येणारेजाणारे थबकून बघायचे. शाबासकी त्याला मिळायची, तिचा आनंद आम्ही पोचवायचो.

आता माझ्या पुष्कळ सोबतिणी गेल्या. पलीकडे आमचे निरोप आत घेणारी दारेही कमी झाली. आठवणी आणि झोप सांभाळणाऱ्या शेजारणीही थकल्या. पेंटरला शब्द उशिरा सुचू लागले आणि घरचे म्हणू लागले, साठी बुद्धी नाठी. मला फार वाईट वाटायचे. बुद्धी कुठे पळाली नव्हती.

परवा नातीने सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. पाटी मीच रंगवणार, असा पेंटरने हट्ट धरला. पेंटरच्या मुलाला, म्हणजे नातीच्या बाबांना, धास्ती होती, की पाटी बिघडली तर बाबा पुन्हा ब्रश हातात धरणार नाहीत. खरे सांगते, मलाही तीच धास्ती होती.

'दुरुस्ती'ची अक्षरे झाली, शिरोरेषा उरली. ब्रश पाटीजवळ गेला आणि तिथेच थांबला. मुलगा पुढे झाला.

"द्या इकडे, मी ओढतो."

"थांबा ना बाबा," नात म्हणाली. "आजोबांचं चाललंय."

आम्ही उरल्यासुरल्या सगळ्यांनी होते नव्हते ते पणाला लावले. हात निघाला. रेघ 'दु'वरून सुटली, 'रु'वर जरा थरथरली आणि 'स्ती'वर जाऊन टेकली.

पेंटर बघत राहिला, मग हसला. "दुरुस्तीतच दुरुस्ती राहिली की."

नातीने पाटी तशीच टांगली. दुसऱ्या दिवशी पेंटरने पुढच्या पाटीसाठी आपणहून ब्रश धुतले.

मित्रांनो, रोज थोडे चाला, पुरते झोपा, काहीतरी नवे शिका. एवढ्याने तुमच्या डोक्यातल्या आमच्यासारख्यांची निगा राहते. आणि घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता थांबले, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. जरा धीर धरा. आम्ही निघालेल्या असतो.