बंद दाराला दिलेला शब्द

दिवाळीच्या सुट्टीत लोक समुद्र बघायला कोकणात जातात. माझ्या नवऱ्यानं, प्रणयनं, मला आणि सासूबाईंना तिथल्या एका गावातली जुनी घरं दाखवायला नेलं. परक्यांची घरं, तीही तिकीट काढून!

शेवटचं घर कित्येक वर्षं रिकामंच होतं. ते दाखवून झाल्यावर गाइडनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. निघताना "जाते" म्हणणं आमच्यात अपशकुनी. सासूबाई सवयीनं त्या बंद दाराला म्हणाल्या, "येते बरं का." त्यांच्यामागं मीही तेच पुटपुटले.

आतून बाईचा आवाज आला, "या."

गाइडच्या हातातून किल्ल्या पडल्या. "आजी, या दारात 'येते' म्हणत नाहीत हो," तो म्हणाला. आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला? सासूबाई मात्र खूश. "लई माणुसकीचं घर हाय," म्हणाल्या.

आज इथं गारखेड्यात, आमच्या घरी, भर दुपारी, त्या नवं लुगडं नेसून, पिशवी भरून दाराकडं निघाल्या. प्रणय ऑफिसात होता.

"कुठं निघालात?"

"कोकणात. शब्द दिलाय."

मी धावत जाऊन दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आवर की. तू बी म्हणाली होतीस."

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, दाराबाहेरून, तोच आवाज आला, "या."