झोक्यावरचं कौतुक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात लिंबाला झोका बांधला होता. झोक्यावर बसलं की गाण्यातून सासरला नावं ठेवायची, ही रीत. जिचं सासरी चांगलं चाललेलं असतं, ती जरा जास्तच ठेवते.

रूपाने सूर लावला, "सासू मनी सुकी भाकर, गळामा अटकस."

"तुनी सासूनी ऐकं तं झोकाच तोडी टाकी," एकीने टोमणा मारला.

"ऐकू दे. तिनीच शिकाडेल शे," रूपा म्हणाली. बायका हसत सुटल्या.

मग दिपमाला बसली. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. दुपार निजल्यासारखी होती. पानांच्या सावल्या तिच्या अंगावरून पाण्यासारख्या मागेपुढे सरकत होत्या. डोळे मिटून ती गाऊ लागली, "सासू मनी साखर, सासरा मना मध, दारना लिंब बी गोड." आवाज एकाच पट्टीत, कुठेही न हलणारा. जणू दुसरंच कोणी तिच्या तोंडून गात होतं. या वेळी कोणी हसलं नाही.

समोरच्या ओट्यावर तिचे वडील झुलाल नाना बसले होते. शेजारी तिला न्यायला सासरहून, पिंपळनेरहून आलेला तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, मोतीलाल.

"ऐकं का भाऊ? पोर सुखमा शे," नाना म्हणाले.

"आमनाकडे काय कमी शे, नाना," मोतीलाल म्हणाला. संध्याकाळच्या गाडीने तो आणि दिपमाला निघणार होते.

दिपमालाची आई, प्रमिलाबाई, पदराला हात पुसत झाडाखाली आली. तिने दोर धरला. झोका हळूहळू थांबला.

"रूपासारखी एक ओळ म्हण," ती लेकीला म्हणाली. "सासूले नाव ठेव. गाणंच शे, कोणी रागावत नही."

दिपमालाने तोंड उघडलं. तिची नजर ओट्याकडे, मोतीलालकडे गेली. ओठ पुन्हा मिटले. दोरावरची बोटं पांढरी पडली.

प्रमिलाबाई ओट्यापाशी गेली. "पोर आज येवाव नही," तिने मोतीलालला सांगितलं.

"का बरं? आत्ताच आमनं एवढं कौतुक करं तिनी."

"एवढं करं, म्हणीसनच."

नाना काही बोलणार होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. दिपमाला थांबलेल्या झोक्यावर तशीच बसून होती, पाय जमिनीला टेकवून, आणि त्यांच्याकडे बघत होती. नाना उठले. मोतीलालच्या पायाशी ठेवलेली तिची बॅग त्यांनी उचलली आणि घरात नेऊन ठेवली.