सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष

दाराबाहेर येऊन टायपिस्टबाईंनी नाव पुकारलं, पण त्यांचा आवाज जिन्यापर्यंतही पोचला नाही. एरवी कोर्टाच्या या दारात पुकारा करायचा तो पट्टेवाला. आज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायची पाळी त्याच्यावरच आली होती, तीही सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध.

दादांनी घराशेजारचा बोळ भिंत घालून बंद केला होता. पलीकडे शिवणकाम करणारी एक विधवा राहायची. वाटच उरली नाही म्हटल्यावर तिची गिऱ्हाइकं तुटली. बोळ आमचाच, तिथून कधी कुणी जात नव्हतं, असं दादांचं म्हणणं. शेवटी ती कोर्टात गेली आणि साक्षीला तिने पट्टेवाल्याचं नाव दिलं. दादांच्या त्याच घरात तो लहानाचा मोठा झाला होता.

वडील गेल्यावर त्याला वाढवलं दादांनी, नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. साक्षीच्या दिवशी आजारी पड, असा वहिनींनी निरोप धाडला होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, माझं तुम्ही कधी ऐकलंय? आणि तिने त्याचे कपडे इस्त्री करून ठेवले.

पिंजऱ्याचा कठडा तो रोज पुसायचा. आत उभा राहिल्यावर मात्र त्याची पाचावर धारण बसली. तोंडपाठ असलेली शपथही मध्येच अडखळली. बोळातून लोक जायचे का, असं वकिलाने विचारलं.

तो दादांकडे बघत म्हणाला, "दादा मला खांद्यावर घेऊन तिथूनच शाळेत सोडायचे. हिची सासू दोरीवरचे कपडे बाजूला करून आम्हाला वाट द्यायची."

दादांनी मान खाली घातली.

भिंत पाडायचा हुकूम झाला. दादा अपिलात गेले नाहीत, पण भावाशी बोलणं त्यांनी टाकलं. शिवणवाली आभार मानायला आली, तेव्हा त्याने तिला चहा पाजला आणि विचारलं ते सांगितलं, एवढंच म्हणाला.

"घरी जाऊन भांडले असते तर त्यांनी दार लावून घेतलं असतं," ती म्हणाली. "कोर्टात त्यांना बसून ऐकावं लागलं."

रविवारी तो बोळाकडे गेला. दादा मजूर न लावता एकटेच भिंत उतरवत होते, घामाघूम झालेले. तो शेजारी जाऊन उभा राहिला.

वर न बघताच दादांनी एक वीट त्याच्या हातात दिली.