सहावा खटका

"काकी, शिडी घेताय का जावई बघताय?" भूपेश शेठने शेवटी विचारलंच.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या त्याच्या दुकानात वेणूने ॲल्युमिनियमची घडीची शिडी आठव्यांदा उघडायला लावली होती. त्याआधी दोन शिड्या तिने नाकारल्या होत्या. एकीची पायरी अंगठ्याने दाबली तरी हलत होती आणि दुसरीवर वजन किती चालतं तेच लिहिलेलं नव्हतं.

"जावई वाईट निघाला तर पोरगी घरी परत येते, शेठ. हिनं दगा दिला तर माणूसच येत नाय," वेणू म्हणाली.

हरिचंद्र दुकानाच्या दारात पाठ करून उभा होता. बेलवलीपासून वांगणीपर्यंत निम्म्या भिंतींना त्याने कधी ना कधी रंग दिला होता, आणि आज त्याची शिडी त्याची बायको निवडत होती. पण बोलायची सोय नव्हती. मागच्या वर्षी वांगणीच्या एका फार्महाऊसवर त्याच्या बांबूच्या शिडीची पायरी निसटली होती. पायरीचा सुंभ कुजलाय हे वेणूने त्याला सकाळीच दाखवलं होतं. खालून कुणीतरी "ओ काका!" असं ओरडलं, तो वळला आणि पडला. गुडघ्याखाली सळी घातली. सात महिने घरी बसला. दुसऱ्यांदा पडलात तर पायाची आशा सोडा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"देखो काकी," भूपेश शेठने शिडीच्या सांध्यावर बोट ठेवलं. "सहा जोड आहेत. तीन इकडे, तीन तिकडे. खट्ट वाजलं मतलब आतली खिट्टी बसली. सहा वेळा खट्ट, तबही चढायचं. पाच वाजले तर नाय. पाय सपाट जागेवर, रबर घासलं की बदलायचं. और बिजलीच्या तारेपासून लांब. ही बांबू नाय, करंट अंगात घेते."

"वजन?"

"दीडशे किलो."

हरिचंद्र आणि त्याची रंगाची बादली, वेणूने मनात हिशेब केला. तो दीडशेत बसला. मग तिने शिडी नवव्यांदा उघडायला लावली आणि डोळे मिटून सहा खटके ऐकले.

घरी येताना तिने नियम घातला. "तुम्ही उघडायची, मी मोजणार. मी सहा बोलली की चढायचं."

"म्हंजे तू रोज कामावर येणार?"

"येणार."

"लोक हसतील गो."

"हसूदे. हसणारे काय दवाखान्यात डबा घेऊन येत नाय."

वेणूला भीती वाटत होती, साधी, चोवीस तासांची भीती. शेजारी भांडं पडलं तरी ती दारात जाऊन उभी राहायची. सात महिने नवऱ्याला कुशीवर वळवताना जो माणूस तिने हातांनी पेलला होता, तो पुन्हा उंचावर जाणार या विचाराने ती रात्री उठून त्याचा पाय चाचपून बघायची. आणि तो जाणारच होता. खाली राहून फक्त कमरेपर्यंतच्या भिंती रंगवता येतात.

पहिल्याच अमावस्येला तिने शिडीची पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हरिचंद्र कपाळाला हात लावून बघत राहिला.

"गाडी हाय का ती?"

"गाडी रस्त्यावर चालते तरी तिला लिंबू-मिरची लागते. ही तर तुम्हाला वर नेते."

मग तिने काळा दोरा काढला. तो बांधायचा कुठे, यावर तिने बराच विचार केला. हरिचंद्रचा पाय सांध्यापाशीच मोडला होता, म्हणून तिने शिडीच्याही सांध्यालाच दोरा बांधला, चांगली सात गाठींनी. त्या दिवसापासून तिला थोडी झोप लागायला लागली.

महिनाभर सगळं नीट चाललं. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एका लग्नाच्या हॉलचं काम मिळालं. संध्याकाळी हळद होती आणि स्टेजच्या वरची भिंत तेवढी राहिली होती. हॉलचा मॅनेजर दिनानाथ घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. त्याचवेळी स्पीकरवाला आला आणि त्याने माइक हातात घेतला.

"हॅलो. चेक. एक, दोन, तीन. हॅलो."

हरिचंद्रने शिडी उघडून घोड्यासारखी, दोन्हीकडे पाय टेकवून उभी केली. वेणूने कान दिला. खट्ट, खट्ट, खट्ट, खट्ट. "एक, दोन," माइक गरजला. खट्ट. मग नुसताच माइक.

"परत घडी करा," वेणू म्हणाली.

"मावशी, आरती चाललीय का?" दिनानाथ ओरडला. "चार वाजता डेकोरेशनवाले येणार. रंग वाळायला नको? नाय जमत तर बोला, दुसरा पेंटर आणतो."

हरिचंद्रने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती. सात महिन्यांनंतर त्याला मिळालेलं हे पहिलं मोठं काम होतं. वेणूला वाटलं, सहावा वाजलाच असेल. माइकमध्ये गेला असेल. रोज वाजतो, आज का वाजणार नाही?

"सहा," ती म्हणाली.

हरिचंद्र चढला. वेणूने खालून दोन्ही हातांनी शिडी धरली. चौथ्या पायरीवर उभं राहून त्याने रोलर वर नेला आणि वेणूच्या डोळ्यांसमोर, छातीच्या उंचीला असलेल्या सांध्याने किंचित तोंड उघडलं. त्यात तिचा काळा दोरा होता. सुटून, घसरून, खिट्टीच्या खाचेत जाऊन बसलेला. रोलर खाली आला, सांधा मिटला. रोलर वर गेला, सांधा पुन्हा उघडला, या वेळी जास्त.

ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि तिला वांगणीचं ते "ओ काका!" आठवलं. ओरडलं की माणूस वळतो. तिने सांधा दोन्ही तळव्यांनी आवळून धरला, त्यावर छातीचा भार टाकला आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"अवो, चहा आलाय."

"आत्ताच तं चढलो."

"निवेल ना. या खाली. हळू या."

हरिचंद्रने मान वळवली नाही, नुसती नजर खाली केली. चहा कुठेच नव्हता. खाली शिडीला मिठी मारलेली बायको होती आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्याने रोलर वर अडकवलेल्या बादलीत ठेवला आणि आधी चांगला पाय, मग सळीचा, असा तो एकेक पायरी उतरू लागला. त्याचा पाय टेकला की सांधा चावत होता आणि वेणूचं बोट त्यात होतं. तिने हूं की चूं केलं नाही. अजून तीन, तिने मोजलं. अजून दोन. अजून एक.

त्याचे पाय फरशीला लागले तेव्हाच तिने हात काढला. शिडी गुडघ्यात मोडल्यासारखी वाकली आणि रंगाच्या बादलीसकट आडवी झाली.

"तीन," माइक म्हणाला आणि गप्प झाला.

वेणूच्या बोटाचं नख निघालं होतं. दिनानाथ पाणी घेऊन धावत आला. हरिचंद्र खाली बसला आणि त्याने तिचा हात आपल्या पिशवीतल्या फडक्यात गुंडाळला.

"पाचच वाजले होते," ती म्हणाली. "मी सहा बोलली. आणि दोरा पण माझाच."

मग मात्र ती रडली. परक्यांच्या हॉलमध्ये, पांढऱ्या रंगाच्या थारोळ्यात बसून हमसून रडली. हरिचंद्रने पकड घेतली, खाचेतला दोरा तंतू न् तंतू ओढून काढला आणि खिशात टाकला. हळद तशीच अर्ध्या रंगवलेल्या भिंतीखाली लागली.

संध्याकाळी तो एकटाच शिडी खांद्यावर घेऊन भूपेश शेठकडे गेला. शेठने पायऱ्या, रिबिटा, सगळे जोड तपासून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लग्नाची गडबड संपल्यावर दोघं उरलेली भिंत करायला पुन्हा हॉलवर आली. वेणूला यायचं नव्हतं. "माझ्या कानावर आता नका जाऊ," ती सकाळपासून म्हणत होती. हॉलमध्ये पोचल्यावर हरिचंद्रने खिशातून तो दोरा काढला. धुतलेला होता. त्याने तो तिच्या पट्टी बांधलेल्या हाताच्या मनगटावर बांधला. त्याला गाठी नीट येत नव्हत्या, तरी त्याने सात मारल्या.

"शिडीला नजर लागत नाय गो," तो म्हणाला. "तुला लागते."

कोपऱ्यात स्पीकरवाला आपलं सामान आवरत होता. "हॅलो, चेक," माइक घुमला.

"ए भाऊ, तो बंद कर," हरिचंद्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा निघाला. "माझी बायको मोजते हाय."

दिनानाथ दारातच थांबला. स्पीकरवाल्याने बटण दाबलं.

हरिचंद्रने पहिला सांधा उघडला. खट्ट वाजलं. वेणू पुढे झाली, सांध्यात वाकून बघितलं, दुखऱ्या बोटाने खिट्टी चाचपली.

"एक," ती म्हणाली.

पुढचा उघडायच्या आधी हरिचंद्र तिची मान हलण्याची वाट बघत उभा राहिला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.