कधीही करता येणारा दिवस

एक्सरे विभागात नाताळची ड्युटी कोण करणार, हा प्रश्न गेली नऊ वर्षं कुणाला पडलाच नव्हता. डिसेंबरचा तक्ता भिंतीवर लागायचा तेव्हा पंचवीस तारखेच्या चौकोनात बाईंचं नाव असायचंच. बाई देवाधर्मातल्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला काय, तुमच्यात नसतंच," असं म्हणून विभागप्रमुख मोकळे व्हायचे.

खरं तर बाईंच्या घरी त्या दिवशी काहीच नसायचं असं नव्हतं. बाई आणि त्यांचा नवरा, दोघांनीही लग्नाआधीच प्रार्थना सोडली होती. पण मुलगी पाच वर्षांची झाली आणि शाळेतून रडत घरी आली, की सगळ्यांकडे काहीतरी आहे आणि आपल्याकडे काहीच नाही. मग नवऱ्याने एका बैठकीत 'घरचा दिवस' काढला. त्याला ना झाड, ना गाणी. जेवणात काय करायचं ते लेकीने ठरवायचं. बाजारातून काही आणायचं नाही. घरातलीच स्वतःची आवडती वस्तू उचलून दुसऱ्याला द्यायची. आणि वर्षभरात ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे राहून गेले, ती कागदावर लिहून मोठ्याने वाचायची. पहिल्या वर्षी लेकीने बाबाला आपला एका कानाचा ससा दिला होता, आणि रात्री झोपताना परत मागून घेतला होता.

नवरा गेला त्या वर्षी बाईंनी पंचवीसची ड्युटी स्वतःहून मागून घेतली. त्या दिवशी घर खायला उठेल असं त्यांना वाटलं. लेक तेव्हा वसतिगृहात होती. घरचा दिवस मग पुढच्या रविवारी झाला, पुढल्या वर्षी तीस तारखेला, नंतर कधी जानेवारीत. दोन वर्षं झालाच नाही. आपलाच तर दिवस, असं बाई म्हणायच्या.

यंदा नोव्हेंबरात लेकीचा फोन आला. मार्चमध्ये तिचं लग्न झालं होतं, चांगल्या मोठ्या, श्रद्धाळू घरात. ती म्हणाली, "आई, या वेळी पंचवीसलाच करू. बाबा असताना करायचो तसा." फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

सुट्टी मागायला गेल्या तर विभागप्रमुखांना वाटलं, चेष्टाच करतायत. सण नाही तर सुट्टी कशाला, असं त्यांनी विचारलं. बाईंनी घरचा दिवस समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि स्वतःच्याच तोंडून तो ऐकताना त्यांना तो पोरखेळ वाटायला लागला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग तो तुम्ही सव्वीसला करा ना," ते म्हणाले. "तुमचा कधीही करता येतो."

शेवटी धाकटी मदतीला आली. विभागात सगळ्यात उशिरा लागलेली म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिला दोन लहान मुलं होती आणि मोठा त्या सकाळी चर्चच्या नाटकात मेंढरू होणार होता. तरी ती म्हणाली, "ताई, नऊ वर्षं तुमच्यामुळे आम्ही घरी बसलोय. एवढं तर मी करीन." तिने तक्त्यावर स्वतःचं नाव घातलं.

बावीस तारखेला लेकीचा पुन्हा फोन आला. आवाजावरूनच बाईंना कळलं. सासूच्या बहिणी लांबून येणार होत्या, सकाळी सगळ्यांनी मिळून चर्चला जायचं, मग मोठी पंगत, आणि नव्या सुनेने नसणं बरं दिसणार नव्हतं. "त्यांचा दिवस हलवता येत नाही गं आई," लेक म्हणाली. "आपलं काय, आपला कधीही करता येतो."

बाई म्हणाल्या, "हो, ते खरंच."

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या तेव्हा धाकटी शिशाचा एप्रन चढवत होती. बाईंनी तिला एवढंच सांगायचं होतं, की बेत रद्द झालाय, तू घरी राहा. एका वाक्याचं काम. बाई तिच्याजवळ गेल्याही. पण सांगितलं की सगळ्या विभागाला कळणार, साहेब मान डोलावणार, पुन्हा त्या चौकोनात आपलं नाव, आणि लेक का आली नाही याची चौकशी. जीभ रेटली नाही. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःपासूनही लपवली नाही: एक वर्ष तरी दुसऱ्या कुणाचा दिवस हलू दे.

चोवीसलाही त्या बोलल्या नाहीत.

पंचवीसला त्यांनी लेकीच्या आवडीचं गाजराचं सूप केलं, भाजलेले बटाटे केले आणि एकटीने जेवल्या. लिहायला कागद घेतला. लेकीचे आभार कशाबद्दल मानायचे ते आठवत बसल्या. बरंच आठवलं. एकही ओळ लिहवली नाही.

दुपारी धाकटीचा फोन आला. लहान मुलांच्या छातीच्या एक्सरेची प्लेट सापडत नव्हती. बाईंनी कपाट सांगितलं, खालून दुसरा खण. धाकटी थांबली आणि म्हणाली, "लेक आली ना, ताई?"

"आली," बाई म्हणाल्या.

"जेवलात?"

"आत्ताच उठलो."

"छान झालं," धाकटी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

सव्वीसला बाई कामावर गेल्या. धाकटीने डबा पुढे केला. लेकीसाठी केकचा तुकडा होता. मग ती मोबाईल काढून बाईंजवळ येऊन उभी राहिली. नवऱ्याने नाटक टिपलं होतं. कापसाचं मेंढरू रंगमंचावर आलं, बाकीची मेंढरं खाली बसली, ते उभंच राहिलं. कपाळावर हात धरून ते खुर्च्यांमधून कुणालातरी शोधत होतं. कुणीतरी त्याला ओढून खाली बसवलं, ते पुन्हा उठलं.

"मला शोधतोय," धाकटी हसत म्हणाली. "वेडा आहे. सांगितलं होतं त्याला."

बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. धाकटीने विचारलं, पुन्हा लावू का. बाई हो म्हणाल्या.