माझ्या तोंडावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी कुत्री आहे. जुनी म्हणजे म्हातारी. पण आमच्या दरीत बंदूक, गळाची काठी आणि कुत्री या तिघींनाही लोक जुनीच म्हणतात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझं नाव मिरन. अंगाने मी काळी, हनुवटीवर तेवढी पांढरी झाले आहे. दिवसभर वॅटी गेडिसच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे पडून असते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात येते. माझी गोष्ट काही फार मोठी नाही. त्यातली लाज मात्र मोठी आहे.

वॅटी हा कर्नल स्ट्रॅकन यांच्या रानाचा आणि नदीचा राखणदार. स्कॉटलंडच्या आमच्या डोंगरांत राखणदाराचं वर्ष दोन भागांत जातं. हिवाळ्यात फेझंट पक्ष्यांची शिकार, आणि वसंतापासून पुढे कॅलन नदीवर सॅमन माशांची. मी जेमतेम दोन महिन्यांची असताना आम्ही पिल्लं गवतावर लोळत होतो आणि वॅटी आमच्यातून एक निवडायला आला होता. त्याने आपला लोकरी मोजा काढून आमच्यात टाकला. माझ्या भावंडांनी त्याच्या चिंध्या करायला घेतल्या. मी तो त्यांच्याकडून सोडवला आणि वॅटीच्या पायाशी नेऊन ठेवला. मोज्याचा एक धागाही उसवला नव्हता म्हणे. वॅटी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचा की त्याची बायको एफी म्हणायची, "आमच्या लग्नाची गोष्ट तरी कधी एवढ्या कौतुकाने सांगितली आहेस का रे?"

मित्रांनो, मऊ तोंड म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. आकाशातून पक्षी पडतो. तो झुडपात पडतो, पाण्यात पडतो, कधीकधी जिवंतही असतो. आमच्यासारख्यांनी तो शोधायचा आणि तोंडात असा धरून आणायचा की त्याची एक फासळीसुद्धा मोडता कामा नये. मारणं हे बंदुकीचं काम, आणणं माझं. पक्षी हातात दिला की वॅटी त्याच्या पंखांखाली दोन्ही अंगठे घालून फासळ्या चाचपायचा. मग म्हणायचा, "चांगली पोरगी." एवढाच माझा पगार होता, आणि मला तो भरपूर वाटायचा.

जिच्या तोंडाखाली फासळ्या मोडतात तिला कडक तोंडाची म्हणतात. आमच्यात याहून वाईट शिवी नाही. हा दोष रक्तातून पिल्लांत उतरतो असं लोक मानतात. त्यामुळे अशा कुत्रीला शिकारीवर कोणी नेत नाही, आणि तिची पिल्लंही कोणी घरात घेत नाही.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "ही कोणाची?" संध्याकाळी एफी फेझंटची पिसं आणि माझ्या पोटावरचे दोन-चार केस घेऊन बारीक गळावर दोऱ्याने खोट्या माश्या बांधायची. नदीवर त्या पाण्यावर टाकल्या की सॅमन फसायचे. मोठा मासा लागला की एफी माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची, आणि त्यात माझाही वाटा आहे असं मला वाटायचं. शेजारच्या जहागिरीचे मन्क्रीफसाहेब जिभेने फार तिखट, पण त्यांच्याकडे एक नामांकित कुत्रा होता. पुढच्या वसंतात त्याच्यापासून मला पिल्लं व्हावीत असं ठरलं होतं. एफीने कोठीतली एक पेटी रिकामी करून त्यात जुनं घोंगडंही अंथरलं होतं.

कर्नलसाहेब उंच, ताठ आणि नियमांचे पक्के. त्यांच्या रानात सगळ्यांत कडक नियम एकच होता. पक्षी उंच उडाला तरच बार काढायचा. खालून, झाडीला घासून जाणाऱ्या पक्ष्यावर बंदूक उचलायची नाही, कारण झाडीत पक्षी उठवणारे हाकारे असतात, माणसं असतात. ज्याने खाली बार काढला त्याने बंदूक उतरवून तडक घरी जायचं, आणि पुन्हा यायचं नाही. या नियमापायी कर्नलसाहेबांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला सगळ्यांदेखत घरी पाठवलं होतं. दोघं भाऊ त्यानंतर बोलले नाहीत.

पण कर्नलसाहेबांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. हे फक्त वॅटीला कळलं होतं. नदीवर दोऱ्याला खोटी माशी बांधताना साहेबांची बोटं चाचपडायची, आणि वॅटी "द्या, थंडीने बोटं आखडतात" असं म्हणून ती माशी हळूच आपल्या हातात घ्यायचा. त्यांच्यात त्यावर एक शब्दही झाला नाही.

त्या दिवशी धुकं होतं. साहेब दगडी कुंपणाच्या वळणापाशी उभे होते, मी आणि वॅटी त्यांच्या मागे. वळणापलीकडे मन्क्रीफसाहेब. समोरच्या झाडीतून हाकारे काठ्या आपटत पुढे येत होते, आणि त्यांच्यात एफीही होती. एक फेझंट नेचाच्या जाळीतून निघाला आणि माणसाच्या कमरेइतक्या उंचीवरून सरळ आमच्याकडे आला. साहेबांनी बंदूक उचलली. वॅटीने तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत बार झाला. पक्षी आमच्या पुढ्यातच पडला. मी तो उचलला तेव्हा तो आधीच फाटलेला होता. माझ्या जिभेला पिसं कमी आणि बंदुकीच्या दारूची चवच जास्त लागली.

मन्क्रीफसाहेब वळण ओलांडून आले. वॅटीच्या हातातला पक्षी त्यांनी पायांना धरून उलटा केला.

"अरे वा! स्ट्रॅकन, तुमच्याकडे पक्षी शिजवायच्या आधीच त्याचा खिमा करतात की काय? कुठून मारलात हा?"

कर्नलसाहेब बंदूक उघडून रिकामं काडतूस काढू लागले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात वॅटीचा आवाज आला. तो आवाज त्याचा नव्हताच, असं मला अजून वाटतं.

"कुत्रीचं काम आहे, साहेब. हिचं तोंड कडक झालंय. मला गेले काही दिवस शंका येतच होती."

मन्क्रीफसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात झटकले. "मग तो पिल्लांचा बेत राहू द्या. माझ्या कुत्र्याच्या नावाला बट्टा नको."

"अर्थात," कर्नलसाहेब मोठ्याने म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "नियम तो नियम. वॅटी, ही पुन्हा माझ्या शिकारीवर दिसता कामा नये."

मित्रांनो, मी पक्षी चावला नव्हता हे मला माहीत होतं. पण वॅटीने आजवर मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. बस म्हणाला की बसायचं असतं, आण म्हणाला की आणायचं असतं, आणि माझं तोंड वाईट आहे म्हणाला, तर ते वाईटच असणार. मी शेपूट पायांत घालून त्याच्या मागे घरी आले.

संध्याकाळी एफी तो पक्षी सोलायला बसली. थोड्या वेळाने तिने सुरी खाली ठेवली आणि पक्ष्याच्या छातीतून चिमटीने काहीतरी ओढून काढलं. काडतुसात छऱ्यांच्या मागे ठासलेली ती जाडसर चकती होती. चकती पक्ष्याच्या अंगात शिरते ती बार अगदी नाकासमोर निघाला तरच.

"वॅटी," ती म्हणाली, "तुझ्या कुत्रीच्या दातांत काडतूस बसवलंय वाटतं?"

वॅटी बूट काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्या झाडीत मी होते. माझ्या शेजारच्या फांद्या तडतडल्या. मला लागलं असतं तर काय सांगितलं असतंस? मिरनने चावलं म्हणून?"

"त्यांनी आपल्या भावाला घालवलं या नियमापायी. आता त्यांनाच सगळ्यांसमोर बंदूक उतरवायला लावायची? ते जगायचे नाहीत, एफी."

"आणि ही जगेल होय?"

"ती कुत्री आहे."

"म्हणूनच विचारतेय. त्यांना बोलता येतं, तुला बोलता येतं. हिला नाही."

पण एफीनेही बाहेर चकार शब्द काढला नाही. घर साहेबांचं, चूल साहेबांची, चुलीतलं सरपणही साहेबांच्या रानातलं. तिने ती चकती चुलीत टाकली आणि कोठीतली पेटी पुन्हा बटाट्यांनी भरली. नंतर बराच वेळ ती मला पोटाशी धरून बसली होती, आणि माझ्या मानेवर तिचं नाक ओलं लागत होतं.

त्या वर्षीच कर्नलसाहेबांनी खांदा दुखतो असं सांगून बंदूक खुंटीला टांगली. गावात सगळे हळहळले. त्यांचं नाव जसं होतं तसंच राहिलं. माझं मात्र गेलं. हिवाळा आला की लांबून बार ऐकू यायचे, आणि मी आवारात बांधलेली असायचे. सुरुवातीला उठून उभी राहायचे, पुढेपुढे नुसते कान हलवायचे. वॅटी माझ्या ताटात पूर्वीपेक्षा जास्त मांस वाढायचा, पण माझ्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. माझ्या डोळ्यांकडे बघायचं तर त्याने सोडूनच दिलं होतं. असे काही हिवाळे गेले आणि माझं पिल्लांचं वय निघून गेलं.

नदीवर बंदूक नसते, म्हणून तिथे मला बंदी नव्हती. एका वसंतात कर्नलसाहेब गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकत होते, आणि मी नि वॅटी काठावर होतो. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि डोहात पडली. तिच्यावर एफीने बांधलेल्या सगळ्या माश्या टोचलेल्या होत्या.

"मिरन! आण!" साहेब ओरडले.

आज्ञा ऐकली आणि माझे पाय आपोआप पाण्यात गेले. मी पोहत टोपीपर्यंत पोचले. तोंड उघडलं, आणि मग वाटलं, हे तर वाईट तोंड आहे. मी टोपीभोवती घिरट्या घातल्या. थांबले. पुन्हा घिरट्या घातल्या. टोपी वाहत पुढे गेली आणि मी रिकामी परतले. काठावर येऊन मान खाली घालून बसले.

"हिला झालं काय?" साहेबांनी विचारलं.

"हिला सांगितलं होतं ना साहेब, तोंड कडक आहे म्हणून," वॅटी म्हणाला. "तेव्हापासून ही काहीच उचलत नाही. घरातला माझा मोजासुद्धा नाही. तिने ते खरं मानलंय."

कर्नलसाहेब पाण्यातून बाहेर आले आणि ओल्या दगडावर बसले.

"वॅटी, तुला काय वाटतं, मला कळलं नव्हतं?"

"काय, साहेब?"

"मला पक्षी दिसलाच नव्हता. काहीतरी काळं हललं आणि मी चाप ओढला. पिसं माझ्या तोंडावर उडाली, इतक्या जवळ. तू हिचं नाव घेतलंस तेव्हा मी मनातल्या मनात तुझे पाय धरले. आणि मग नियम बोलून दाखवला. तोही ओरडून."

"मी तुमची अब्रू राखायला..."

"राखलीस की. पण ती आता मला अंगावर घालवत नाही." त्यांनी हात पुढे केला, माझं डोकं कुठे आहे ते चाचपलं, आणि मग हात ठेवायचा धीर न होऊन मागे घेतला.

नोव्हेंबरमध्ये शिकारीचा पहिला दिवस आला, तेव्हा वॅटीने माझ्या गळ्यात पट्टा अडकवून मला बरोबर घेतलं. सगळे पाहुणे आणि हाकारे वाड्यापुढच्या अंगणात जमले होते. कर्नलसाहेब बंदुकीविना, नुसती काठी टेकत आले. त्यांनी टोपी काढली आणि त्या धुक्याच्या दिवशी काय घडलं ते सांगितलं. खाली बार कोणी काढला, पलीकडे झाडीत कोण होतं, खोटं कोण बोललं आणि ते खोटं कोणी गोड मानून घेतलं, यातलं काहीच गाळलं नाही. "माझ्या भावालाही मी पत्र घातलंय," ते म्हणाले, "तो वाचेलच असं नाही." वॅटी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "खोटं माझं होतं." मन्क्रीफसाहेबांनीही आपली टोपी काढली. एफी हाकाऱ्यांत उभी राहून उघडउघड रडत होती.

पहिला पक्षी उंचावरून सलगमच्या शेतात पडला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"जा, मिरन," वॅटी म्हणाला. "जा माझे बाई. आण."

मी धावत गेले. पक्षी सापडला. मी त्याच्यावर वाकले. सगळी माणसं श्वास रोखून उभी होती, आणि मला कळत होतं की ही माझ्याच चांगल्यासाठी उभी आहेत. तोंड उघडलं. पण ते मिटलं, आणि मी पक्ष्याशेजारी बसले. वॅटीने शीळ घातली, पुन्हा हाक मारली. मी शेपूट हलवली, पण उचललं नाही.

शेवटी कर्नलसाहेब स्वतः काठी टेकत चिखलातून आले. त्यांना पक्षी दिसत नव्हता. माझा काळा आकार तेवढा दिसला असेल. ते गुडघे टेकून माझ्याभोवतीचा पाला चाचपत राहिले. पक्षी हाताला लागला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि वॅटी धरायचा तसे अंगठे फासळ्यांवर ठेवले.

"अख्ख्या आहेत," ते म्हणाले. "चांगली पोरगी."

मी तो आणला नव्हता. म्हणून मी तोंड फिरवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यापैकी कोणी असेल, तर त्याला वेळेवर खायला घाला, थंडीत आत घ्या. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमची चूक त्याच्या माथी मारू नका. आम्हाला "मी नाही केलं" असं म्हणता येत नाही, एवढीच अडचण असती तर चाललं असतं. तुम्ही सांगाल ते आम्ही खरं मानतो. आणि मग तुम्ही कितीही पश्चात्ताप केलात, सगळ्या गावासमोर टोपी काढलीत, तरी ते आमच्या मनातून काढायला तुमच्याकडे शब्द नसतो.