कुंकवाची फरशी

"बाबा, सरका बाजूला! मशीन चालू हाय," मुकादम ओरडला. पण बद्रीनाथचं चित्त ढिगाऱ्यात होतं. चौकातल्या जुन्या फरश्या उखडून तिथे टाकल्या होत्या, आणि त्यांतली एकच लाल फरशी हवी म्हणून तो सगळ्यांना विचारत होता.

या चौकाची फरशी त्यानेच बसवलेली. बायकोला घेऊन तो कन्नड गावाहून कामाला आला, तेव्हा औरंगाबादेत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. कारंज्यापासून रस्त्यापर्यंत रुंद काळ्या-पांढऱ्या लाटा! टांगेवाले टांगा थांबवून बघायचे. काम उरकल्यावर बद्रीनाथ ऐटीत बिडी ओढत बसला, पण बायकोचं, सरूबाईचं, तोंड उतरलेलं.

"नुसतं काळं-पांढरं! बिनकुंकवाची रांगोळी कुणी सोडतं व्हय?"

तिने कुठून तरी एक लाल फरशी पैदा केली आणि कारंज्याजवळच्या पांढऱ्या पट्ट्यात नवऱ्याकडून बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी काम बघायला आलेल्या साहेबांचा पारा चढला. "काढा ती! सगळं डिझाईन बिघडलं." बद्रीनाथ मुकाट्याने थापी घेऊन पुढे झाला. तो साहेबांना भ्यायचा, बायकोला त्याहून जास्त. आणि बायको तर चपला काढून त्या फरशीवर उभी! ऊन डोक्यावर आलं तरी हलली नाही. शेवटी साहेबच कंटाळून जीपमध्ये बसले.

पुढे पुंडलिकनगरात घर झालं, नातवंडं झाली. तरी दर दिवाळीला सरूबाई इथे यायची आणि ती फरशी पदराने पुसायची. गेल्या वर्षी ती गेली. घरात करमेनासं झालं की बद्रीनाथ इथेच येऊन बसायचा.

"हीच का, बाबा?" कामावरच्या वच्छलाबाईने ढिगाऱ्यामागून लाल फरशी आणली. "कुंकवावाणी दिसली. टाकू वाटंना, म्हनून बाजूला ठिवली."

"जा घिऊन घरी," मुकादम म्हणाला.

बद्रीनाथने नव्या पट्ट्यांकडे पाहिलं. पुन्हा काळे-पांढरेच. त्याला फार वाईट वाटलं. गुडघे धरत तो खाली बसला, पांढऱ्या पट्ट्यात एका फरशीची जागा अजून रिकामी होती तिथली बारीक कच हाताने उकरली, फरशी ठेवली आणि वच्छलाबाईच्या थापीच्या मुठीने ठोकून बसवली.

"अवं बाबा, काढा ती! सगळं डिझाईन बिघडलं!" मुकादम ओरडला.

बद्रीनाथने चपला काढल्या आणि तो फरशीवर उभा राहिला.